जवळचा उघडा कंस

दुसऱ्याने उघडलेली वस्तू सर कधी बंद करत नसत. खिडकी, नळ, कपाट, डिंकाची बाटली, काहीही असो. ज्याने उघडलं त्यानेच लावायचं, असा त्यांचा कायदा होता. एकदा मे महिन्यात मी ऑफिसची खिडकी उघडून खाली झेरॉक्स काढायला गेले आणि नेमकी वावटळ आली. परत येऊन बघते तर सर धुळीने माखून बसलेले, भुवया मातकट, चहाच्या कपात कचरा, आणि हाताच्या अंतरावर ती खिडकी थडाथड आपटतेय.

"अवो सर, लावाची ना खिडकी!"

"तू उघडली होती," सर डोळे चोळत म्हणाले. "तू येऊनच राह्यली होती ना."

मला तेव्हा हसू आलं होतं. सुरुवातीला मला त्यांच्या सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

यवतमाळात एका कृषी केंद्राच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. खालून बियाण्यांचा आणि खताचा वास यायचा, पोत्यांच्या चढउतारीची आरडाओरड ऐकू यायची, आणि वर आम्ही दोघं संगणकापुढे. सर मूळचे पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. मोठ्या शहरात बरीच वर्षं नोकरी करून, एक दिवस सगळं सोडून परत आलेले. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं कोणी विचारलं तर "सुरूच नाई केलं" एवढंच उत्तर मिळायचं. घर बांधलं नाही, प्लॉट घेतला नाही, साधी भिशीसुद्धा लावली नाही. तांड्यावर म्हातारी आई होती. तिला ते त्यांच्या बोलीत याडी म्हणत, आणि तिच्याशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा व्हायचा.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. प्रोग्राम लिहिणारे लोक ज्यात लिहितात असा एक जुना टेक्स्ट एडिटर आहे. फुकट मिळतो, जगभर वापरतात. त्याला समोरचं प्रत्येक चिन्ह कोण आहे ते कळावं लागतं. हे शब्दातलं अक्षर, ही मोकळी जागा, हे विरामचिन्ह, हा उघडणारा कंस, हा बंद होणारा. ही ओळख पटवणारे प्रोग्रामचे बरेच छोटे तुकडे, म्हणजे फंक्शन्स, त्यात आहेत. एक नुसतं विचारतं, तू कोण? दुसरं मोकळ्या जागा ओलांडत पुढे सरकतं. तिसरं बंद कंसावरून मागे मागे जात त्याचा जोडीदार शोधतं. ही फंक्शन्स काळाबरोबर बदलत गेली आणि त्यांची माहिती देणारी पानं मात्र जुनीच राहिली. ती पानं नवी करायचं काम परदेशातल्या एका कंपनीने सरांना दिलं होतं, आणि सरांनी हाताखाली मला घेतलं होतं. मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलाखतीत मी तसं सांगून टाकलं.

"बरं हाय," सर म्हणाले. "जे दिसते तेच लिहिशीन."

जुन्या पानांवरच्या 'नेहमी' या शब्दाशी सरांचं उभं वैर होतं. पानावर लिहिलेलं असायचं, हे फंक्शन नेहमी उत्तर देतं. सर ते चालवून बघायचे. साध्या मजकुरावर, उलटसुलट मजकुरावर, आणि सगळ्यात शेवटी कोऱ्या पानावर. कोऱ्या पानावर विचारलं की ते फंक्शन बिचारं गप्प बसायचं. मग सरांना असा काही आनंद व्हायचा, जसा एखादा चोर रंगेहाथ सापडला. "खोड तो नेहमी," ते म्हणायचे. "हे तिकडच्या लोकायले कोन सांगन, का नेहमी असं काही नसते."

चहाच्या टपरीवरही त्यांचं हेच चालायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून पुटपुटायचे, "हा कोन?" आणि उत्तरही आपणच द्यायचे. पुढाऱ्याच्या गाडीमागे मोटरसायकल दामटणारा कार्यकर्ता म्हणजे विरामचिन्ह. मी कोण, असं मी एकदा विचारलं.

"तू शब्दातलं अक्षर. एकटी असली त काही खास नाई, पन तुह्यावाचून शब्द बिघडते."

"अन् तुम्ही?"

"मी मोकळी जागा. माह्यात काहीच उघडं नाई."

कधी मात्र एखादं माणूस समोरून गेलं की सर हातातला कप खाली ठेवायचे आणि ते नजरेआड होईपर्यंत गप्प राहायचे. अशी एक बाई होती, छान साडी नेसलेली, हातात भाजीची पिशवी, मैत्रिणीशी हसत बोलत चाललेली. सरांनी कप खाली ठेवला. "उघडा कंस," ते हळूच म्हणाले. तिचा मुलगा धरणात बुडाला होता आणि सापडलाच नव्हता, हे मला पुढे टपरीवाल्याकडून कळलं. सर तिला ओळखत नव्हते, आणि टपरीवाल्याशी तर ते साखर कमी टाक यापलीकडे कधी बोलत नसत.

वाक्याच्या बाबतीतही तोच कायदा. खालच्या कृषी केंद्राचे शेठ एकदा जिन्यात म्हणाले, "सर, ते पान्याच्या टाकीचं असं झालं का," आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. हे पोळ्याच्या सुमारास. दिवाळी झाल्यावर सरांनी त्यांना त्याच जिन्यात गाठलं. "शेठ, टाकीचं कसं झालं म्हनत होते तुम्ही?" शेठना टाकी आठवेना. सर हलेनात. शेवटी शेठनी गळतीचं काहीतरी ठोकून दिलं तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. सर स्वतः मात्र एकही वाक्य अर्धवट सोडत नसत. शिंक आली तर शिंकून, ठसका लागला तर पाणी पिऊन, जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करून ते शेवटपर्यंत नेत.

मी कळंबजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीने यायचे, आणि माझ्याबरोबर दोघांचा डबा असायचा. तो वहिनी भरायची. "एकट्या मानसाच्या पोटाकडे कोन पाह्यते?" असं म्हणून ती सरांसाठी ज्वारीची भाकर, ठेचा, कधी भरलं वांगं वेगळं बांधून द्यायची. डबा उघडायची मी, त्यामुळे लावायचाही मीच. मी हात धुवायला गेले की सर त्या उघड्या डब्याजवळ राखणीला बसायचे. वहिनीला त्यांनी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं, पण भाकर तोडताना ते तिला न चुकता दुवा द्यायचे. "ज्या हातची हाय, त्या हाताले सुख लागो."

सुखाचा भाग वहिनीच्या वाट्याला फारसा आलेला नव्हता. ती माझ्या दादाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा दादा मोटरपंपाचं सामान आणायला म्हणून कळंबला गेला आणि परत आलाच नाही. मोटरसायकल बसस्टँडवर उभी होती, किल्ली तशीच लावलेली. भांडण नाही, तंटा नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले, नागपूर-पुण्याला चकरा झाल्या. वहिनी माहेरी गेली नाही. गावातल्या अंगणवाडीत लागली, आमच्याच घरी राहिली, आणि दादाबद्दल बोलणं तिने हळूहळू सोडून दिलं.

एकदा आई डोळे तपासायला यवतमाळला आली आणि घटकाभर आमच्या ऑफिसात टेकली. ती आत आली तसे सर खुर्चीतून उठले, आणि ती जाईपर्यंत उभेच राहिले. तिला वाटलं, किती मान देतो हा माणूस. तिला एसटीत बसवून मी परत आले तरी सर उभेच होते.

"तुह्या घरचं कोन गेलं हाय?"

मी त्यांना दादाबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं. "तुम्हाले कोनी सांगतलं?"

"कोनी नाई. दिसते."

त्या दिवसापासून मला त्यांचं हसू येईनासं झालं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं.

जोडीदार शोधणाऱ्या फंक्शनचं पान आम्ही पावसाळा सरताना हाती घेतलं. ते तपासायला मी थोडा मजकूर टंकला होता, त्यात बरेच कंस. एका ठिकाणी माझ्याकडून चूक झाली. मला पहिला कंस बंद करायचा होता, पण तोवर मध्ये मी दुसरा उघडून बसले होते, आणि ते माझ्या ध्यानात नव्हतं. मी बंद कंस टाकला. मला वाटलं, एडिटर कुरकुर करेल. त्याने काहीच केलं नाही. माझा बंद कंस त्या मधल्या, नव्या कंसाला गुपचूप जाऊन लागला. पहिला होता तसाच उघडा राहिला, आणि तक्रार आली ती पार खाली शेवटच्या ओळीवर, जिथे काहीच चुकलेलं नव्हतं.

मी हसत दुरुस्त करायला गेले, तर सरांनी माझं मनगट धरलं.

"पाह्यलं तू? बंद होनारा कंस नाव विचारत नाई. जवळचा उघडा दिसला का त्याले जाऊन लागते."

"हो, पानावर लिहू ना आपन."

"ते लिहूच." सर माझ्याकडे बघत नव्हते. "माह्या काकाचं असंच झालं."

आणि मग त्यांनी मला ती हकीकत सांगितली, सलग, एकही वाक्य न तोडता. तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेली होती, त्यातून त्यांचा काका परतला नाही. पुष्कळ वर्षं वाट पाहून तांड्याने ठरवलं, आता याचं करून टाकू. मध्यंतरी सरांच्या बापाने शेतात विहीर खोदायला घेतली होती. धडधाकट माणूस, हौसेने कामाला लागलेला. काकाचं उत्तरकार्य ज्या दिवशी उरकलं, त्याच दुपारी बाप विहिरीच्या काठावर पाणी प्यायला बसला तो पुन्हा उठलाच नाही.

"माह्या बापाले काही झालं नव्हतं. काकासाठी लावलं, अन् त्याले लागलं."

"अन् काकाचं काय झालं?"

"काका अजून उघडाच हाय," सर म्हणाले. "याडी अजून त्याची वाट पाह्यते."

हा माणूस आयुष्यात काहीच सुरू का करत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या घरी विषय निघाला. अंगणवाडीच्या एका प्रशिक्षणात वहिनीची पुसदच्या एका माणसाशी ओळख झाली होती. शाळेत क्लार्क, बायको वारलेली, स्वभावाने गरीब. त्याने रीतसर मागणी घातली. वहिनी कितीतरी वर्षांनी आरशापुढे जरा जास्त वेळ उभी राहिलेली मी पाहिली. त्याच्या घरच्यांची अट एकच होती, पहिल्या नवऱ्याचं कार्य झालेलं असावं. आमच्याकडे गेलेला माणूस बारा वर्षं सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात त्याला. बारा वर्षं होऊन गेलीच होती. बाबा तयार झाले. आई दोन दिवस जेवली नाही, आणि मग आपण होऊन म्हणाली, "माह्या पोरापायी दुसऱ्याच्या पोरीले कायले अडकवू?"

मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"वहिनीचं कधी ठरलं?"

"आत्ताच. गेल्या महिन्यात."

"म्हंजे तिचं मधे उघडलं."

ते काय म्हणताहेत ते मला लगेच कळलं आणि मी चिडले. "सर, हे मानसं हायेत! कंस नाईत!"

"मीबी तेच म्हनून राह्यलो," ते म्हणाले. "कंस असते त पुसून पुन्हा लिहिले असते."

संध्याकाळी मी निघताना त्यांनी विचारलं, "कार्याले मी आलो त चालन?" मी नाही म्हणू शकले नाही.

आमच्या शेताच्या कडेला नाला आहे, त्याच्या काठी पळसाची झाडं आहेत. तिथेच विधी होता. कळंबहून विधी करणारे महाराज आले होते. त्यांनी पानं एकावर एक रचून माणूस तयार केला. डोकं, हात, पाय, सगळं. हिरवागार माणूस जमिनीवर निजलेला. दादा उंच होता म्हणून पाय जरा लांब करा, असं आई मध्येच म्हणाली, आणि महाराजांनी मुकाट्याने आणखी पानं लावली.

सर स्कूटरवर आले. वहिनीने त्यांना पाण्याचा गडू नेऊन दिला. मी शेजारीच होते.

"तुम्हीच का भाकरीवाली बाई," सर म्हणाले. मग पाणी न पिताच त्यांनी विचारलं, "हे थांबवता येत नाई का वो, बाई?"

वहिनी रागावली नाही. "सर, मी बारा वर्षं थांबली. आता कोनासाठी थांबू, तुम्हीच सांगा."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "नका थांबू." आणि गडूतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग ते सरळ जाऊन त्या पानांच्या माणसाजवळ मांडी घालून बसले. इतकं जवळ घरच्यांशिवाय कोणी बसत नाही. महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बोलले नाहीत. मंत्र संपले. बाबांनी पेटती काडी हातात घेतली. तेवढ्यात सरांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"बाई, तुले एक सांगाचं राह्यलं. माह्या बापानं त्या दिवशी विहिरीवर बसून मले जे सांगतलं होतं, ते असं का..."

आणि ते थांबले.

मी वाट पाहिली. "काय सर?"

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, ओठ मिटून. बाबांनी अग्नी दिला. ओली पानं, धुराने डोळे चुरचुरतील असं वाटलं होतं, पण ती एकदम भडकली, जशी वर्षभर वाळत पडली होती. सगळे मागे सरले. वहिनीचा हात छातीकडे गेला, ती डगमगली, मी तिला धरायला धावले. तोवर ती सावरलीसुद्धा. "काही नाई, गरगरलं," ती म्हणाली. मी मागे वळून पाहिलं तर सर दोन्ही तळहात जमिनीला टेकून बसले होते, दम लागल्यासारखे.

ते जेवायला थांबले नाहीत. स्कूटरपर्यंत मी त्यांच्या मागे गेले. "सर, पुढचं सांगा ना. तुमचे वडील काय म्हनाले?"

"राहू दे," सर म्हणाले. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले तर सर खुर्चीत होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर. मला वाटलं डुलकी लागली. त्यांनी स्वतः उघडलेलं सगळं त्यांनी लावून ठेवलं होतं. कपाट बंद, नळ बंद, पेनाला टोपण, हाती असलेली सगळी पानं पूर्ण करून पाठवलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं, या वयात होतं असं.

याडीला तांड्यावरून आणलं. म्हातारी रडली नाही. माझा हात धरून तिने मला शेजारी बसवलं आणि विचारलं, शेवटचं काही बोलला का? मी म्हटलं, बोलले, पण अर्धंच.

"अर्धं?" तिने माझा हात सोडला. "माहा पोऱ्या अर्धं बोलत नाई." तिला काय कळलं ते तिने मला सांगितलं नाही.

मला सरांचा भयंकर राग आला होता. आजही येतो. कोणी सांगितलं होतं तिथे जाऊन बसायला, तिथे वाक्य उघडं टाकायला? डब्यातल्या भाकरीपलीकडे वहिनी त्यांची कोण होती? मग मी स्वतःची समजूत काढायचे, की डॉक्टर सांगतात तेच खरं आहे. हृदय बंद पडलं. माणसांची पडतात. या एका वाक्याला मी घट्ट धरून राहिले. अजून हाती न घेतलेली पानं मी एकटीने पुरी केली. कंपनीने मलाच पुढचं कामही दिलं. वहिनीचं लग्न झालं, ती पुसदला गेली, तिला मुलगी झाली. ती अंगाने भरली, मोठ्याने हसायला लागली. तिला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही.

वहिनीची मुलगी धरून धरून उभी राहायला लागली, तेव्हाची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी मी ऑफिसात एकटीच होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून आवाज आला. जाड झालेला, थकलेला. पण लहानपणी मला ज्या नावाने फक्त एकच माणूस चिडवायचा, त्या नावाने मला हाक आली.

दादा होता. आई कशी आहे विचारत होता, बाबांचं विचारत होता. कुठे होता, काय झालं होतं, माझा नंबर कोणाकडून घेतला, काहीबाही सांगत होता. मला एक शब्द कळत नव्हता. दादा अजून उघडाच होता, आणि डॉक्टरांचं ते एक वाक्य माझ्या हातून सुटलं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. थांबताच येईना.

"कायले रडून राह्यली?" दादा म्हणाला. "मी जिता हाओ ना."

त्याला कसं सांगू, की म्हणूनच.